दवंडी कुठवर जावी?

चाकणच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत पॅकिंग लाईन एकाएकी थांबली. कन्व्हेयरच्या मोटारींचा वेग राखणारे सगळे ड्राइव्ह एकदम फॉल्टमध्ये गेले आणि ऑपरेटरच्या पडद्यावर आकड्यांच्या जागी फुल्या उमटल्या. मोटारी ठीक, सेन्सर ठीक, वीजही होती. मी तिथे वेगळ्याच कामासाठी गेलो होतो, पण अशा वेळी पाहुण्यालाही कुणी सोडत नाही. पॅनेलचं दार उघडलं. आत आठ पोर्टचा एक साधा नेटवर्क स्विच होता. एरवी त्याचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात, एक आत्ता तर दुसरा जरा वेळाने. त्या दिवशी सगळे एकाच ठेक्यात, जवळजवळ न विझता थरथरत होते.

मेंटेनन्सचे एक जुने काका शेजारी उभे होते. त्यांना विचारलं, "काका, आज पॅनेलला कुणी हात लावला होता का?"

"हात असा नाही साहेब. एक केबल लोंबत होती. निघाली असेल म्हणून खोचली."

त्या केबलचं दुसरं टोक शोधत गेलो, तर ते त्याच स्विचच्या तिसऱ्या पोर्टात. म्हणजे दोन्ही टोकं एकाच डबीत! केबल उपसली आणि दिवे लगेच माणसात आले. लाईन सुरू व्हायला मात्र आणखी अर्धा तास लागला, कारण प्रत्येक ड्राइव्हचा फॉल्ट हाताने काढावा लागला.

काकांवर त्या रात्री बरीच तोंडं सुटली. मला ते पटलं नाही. लोंबती केबल दिसली की ती बसवायची, हे त्यांना तीस वर्षं शिकवलं होतं. खरा प्रश्न असा की दीड हात लांबीच्या एका वायरीने अख्खी लाईन झोपते, असं जाळं बांधलं कुणी?

त्यासाठी स्विच नेमकं काय करतो ते पाहावं लागेल. त्याचं काम ऐकायला फार सोपं आहे. जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच एक 48 बिटांचा पत्ता मिळालेला असतो. पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, किंवा ड्राइव्हच्या अंगावरच्या लेबलवर बारा अक्षरांत तो छापलेला दिसतो. उपकरण जे काही बोलतं ते फ्रेम नावाच्या छोट्या पुडक्यातून जातं. पुडक्यावर आधी 'कुणाला' आणि मग 'कुणाकडून' असे दोन पत्ते असतात, पोटात मजकूर, आणि शेवटी मजकूर वाटेत बिघडला नाही ना हे तपासायची बेरीज. पुडकं कमीत कमी 64 बाइटचं आणि साधारणपणे जास्तीत जास्त 1518 बाइटचं.

स्विच 'कुणाकडून' वाचतो आणि आपल्या वहीत लिहितो: हा पत्ता तिसऱ्या पोर्टावर राहतो. मग 'कुणाला' वाचतो आणि वहीत शोधतो. सापडला तर पुडकं फक्त त्याच पोर्टातून बाहेर जातं, बाकीच्या पोर्टांना त्याची गंधवार्ताही लागत नाही. नाही सापडला तर? तर स्विच दवंडी पिटतो. ज्या पोर्टातून पुडकं आलं तो सोडून उरलेल्या सगळ्या पोर्टांतून एकेक प्रत सोडून देतो. ज्याचं असेल तो उत्तर देईल आणि तेव्हा त्याचा पत्ता वहीत येईल. एखादा पत्ता पाच मिनिटं बोलला नाही तर बहुतेक स्विच त्याची नोंद खोडून टाकतात. 300 सेकंद ही नेहमीची मुदत.

काही पुडकी मुळातच दवंडीची असतात. पीएलसीला एखाद्या ड्राइव्हचा आयपी पत्ता माहीत असतो, पण अंगावरचा 48 बिटांचा पत्ता माहीत नसतो. तेव्हा तो सगळ्यांना विचारतो, "हा आयपी कुणाचा?" हा ब्रॉडकास्ट. तो जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाने वाचायचाच असतो, कामाचा असो वा नसो. म्हणजे स्विचची सगळी करामत दवंडी टाळण्यात आहे, आणि जिथे ती टळत नाही तिथे तो अगदी साधाभोळा आहे. औद्योगिक नेटवर्कच्या रचनेत जे जे करावं लागतं, त्यातलं बरंचसं या एका भोळेपणाभोवती फिरतं.

गंमत अशी की या सगळ्या पद्धतीची, म्हणजे ईथरनेटची, सुरुवातच दवंडीने झाली. 22 मे 1973 रोजी कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. एकच जाड केबल, तिला सगळी यंत्रं जोडलेली, आणि एक बोललं की सगळ्यांनी ऐकायचं. ही कल्पना त्यांना हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन एब्रॅमसन यांच्या रेडिओ जाळ्यावरून सुचली होती. नाव मात्र त्यांनी घेतलं ते प्रकाश ज्यातून वाहतो असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत त्या 'ईथर'वरून. तो ईथर मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या 1887 च्या प्रयोगानंतर हळूहळू भौतिकशास्त्रातून हद्दपार झाला. मेटकाफ आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांचा ईथर अजून चालतो आहे.

एका वायरीवर दोघं एकदम बोलले तर टक्कर व्हायची. मग दोघांनी थांबायचं, प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ वाट पाहायची आणि पुन्हा बोलायचं. सोळा प्रयत्न फसले की नाद सोडून द्यायचा. कचेरीत हे खपून जातं. प्रिंटरचा कागद अर्धा सेकंद उशिरा आला म्हणून कुणी ओरडत नाही. पण प्रेसचा हात खाली येतो आहे आणि 'थांब' हा निरोप मनाला येईल तितका वेळ वाट पाहतो आहे, हे कुठल्या इंजिनिअरला झोप येऊ देईल? म्हणून कारखान्यांनी ईथरनेटला बराच काळ दारातच उभं ठेवलं. आत मॉडबस, प्रोफिबस यांसारख्या वेगळ्या वायरी होत्या. संथ, पण ज्यांच्या वेळेची खात्री देता येईल अशा.

चित्र बदललं ते स्विचमुळे. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने 1990 च्या सुमारास सात पोर्टचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचं नाव 'कल्पना'. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज यांनी आपल्या पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. पुढे 1994 मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. प्रत्येक उपकरणाला स्विचपर्यंत स्वतःची वायर मिळाली, त्या वायरीत जायची आणि यायची वाट वेगळी झाली, आणि टक्कर हा प्रकारच संपला. आता उशीर मोजता येऊ लागला. मोजता येतो त्या उशिराची भीती उरत नाही. त्याला धरून मशीन बांधता येतं.

तरी जुनी टक्कर अजून अधूनमधून भुतासारखी भेटते. एका टोकाला कुणी पोर्ट '100 एमबीपीएस, फुल डुप्लेक्स' असा हाताने पक्का करून ठेवतो आणि दुसरं टोक 'ऑटो'वर राहतं. ऑटोवाल्याला समोरून वाटाघाटीचं उत्तर येत नाही. वेग तो ओळखतो, पण बाकीच्या बाबतीत जुनी रीत धरतो: हाफ डुप्लेक्स. एक जण दोन्ही बाजूंनी बोलतो, दुसरा पाळी लावून. दिवे हिरवे, पिंग व्यवस्थित, आणि उत्पादन वाढलं की पुडकी गळायला लागतात. नवशिक्या माणसाला यात आठवडा जातो. नियम सोपा आहे: दोन्हीकडे ऑटो, नाहीतर दोन्हीकडे पक्कं.

आता काकांच्या केबलकडे येऊ. एका स्विचचे दोन पोर्ट, समजा तिसरा आणि सातवा, एकमेकांना जोडले की एक वर्तुळ तयार होतं. कुणीतरी ब्रॉडकास्ट पाठवतो. स्विच तो सगळ्या पोर्टांतून सोडतो, तसा तिसऱ्यातूनही. तिसऱ्यातून गेलेली प्रत सातव्यातून परत येते. स्विच तिला नवी दवंडी समजतो आणि पुन्हा सगळीकडे सोडतो. हे थांबत नाही. आयपीच्या पाकिटाला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. प्रत्येक राउटरपाशी एक अंक कमी होतो आणि शून्यावर पाकीट मरतं. ईथरनेटच्या फ्रेमला असलं वय नाही. वर्तुळात सापडलेली फ्रेम अमर असते. 100 एमबीपीएसच्या वायरीतून सर्वांत लहान फ्रेम सेकंदाला सुमारे 1,48,800 वेळा जाऊ शकते. तेवढ्या दवंड्या प्रत्येक ड्राइव्हच्या आणि पीएलसीच्या छोट्याशा प्रोसेसरला वाचाव्या लागतात. लॅपटॉप कसाबसा तग धरतो, ड्राइव्ह हात टेकतो. त्याहून वाईट म्हणजे स्विचच्या वहीत एकच पत्ता कधी तिसऱ्यावर, कधी सातव्यावर असा नाचायला लागतो, आणि जी सरळ जाणारी पुडकी होती तीही भलतीकडे जातात.

यावर उपाय शोधला तो रेडिया पर्लमन यांनी, डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत असताना, 1985 मध्ये. स्विच एकमेकांशी बोलून एक मुखिया निवडतात, त्याच्यापर्यंतची प्रत्येकाची एकच वाट चालू ठेवतात आणि ज्या जोडणीमुळे वर्तुळ होईल तो पोर्ट स्वतःहून बंद करतात. याला स्पॅनिंग ट्री म्हणतात. चालू वाट तुटली की बंद ठेवलेली उघडते. फक्त मूळच्या पद्धतीत या उलथापालथीला 30 ते 50 सेकंद लागायचे. नंतरच्या रॅपिड आवृत्तीत ते काम एक-दोन सेकंदांत, अनेकदा त्याहून लवकर होतं. पण साध्या, म्हणजे अनमॅनेज्ड स्विचला यातलं काहीच येत नाही. चाकणच्या पॅनेलमधला तसलाच होता. खरेदी विभागाने दोन कोटेशनं पाहिली, एकात काही हजार वाचत होते.

कारखान्यात वर्तुळ मुद्दामही करतात, आणि त्याला रिंग म्हणतात. लांबच लांब लाईनवर एका पॅनेलमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वायर नेणं सोयीचं असतं. केबल कमी लागते. पण मधली एक वायर फोर्कलिफ्टने चेपली की पलीकडची सगळी पॅनेलं गेली. म्हणून शेवटचं टोक पुन्हा पहिल्याला जोडतात. एका स्विचला राखणदार नेमतात. तो आपला एक पोर्ट बंद ठेवतो आणि रिंगमध्ये दोन्ही बाजूंनी सतत चाचणीची पुडकी फिरवतो. ती परत येईनाशी झाली की रिंग कुठेतरी तुटली हे ओळखून बंद पोर्ट उघडतो. एमआरपी नावाच्या मानकात 50 स्विचपर्यंतच्या रिंगला यासाठी फार तर 200 मिलिसेकंद लागावेत असं धरलं आहे. डोळ्याची एक उघडझाप.

इथे बरेच जण फसतात. प्रोफिनेट या कारखान्यांतल्या ईथरनेटवर पीएलसी आणि उपकरण दर 2 मिलिसेकंदांनी एकमेकांना पुडकं पाठवतात आणि सलग तीन चुकली तर उपकरण 'संपर्क तुटला' म्हणून सुरक्षित स्थितीत जातं, अशी मांडणी अगदी नेहमीची आहे. म्हणजे सहनशक्ती 6 मिलिसेकंदांची आणि रिंग सावरणार 200 मध्ये! केबलला पैसे ओतले, रिंग केली, आणि वायर तुटल्यावर लाईन तरीही थांबली. मग विक्रेत्याला फोन, रिंग चालत नाही म्हणून तक्रार. रिंग आपलं काम चोख करते. तिच्या वेगाशी उपकरणांची सहनशक्ती जुळवून घ्यायची राहिलेली असते. ज्या भागाला इतका वेळ थांबणं परवडतच नाही तिथे दुसरा मार्ग आहे. विजेच्या सबस्टेशनांत पीआरपी वापरतात: दोन पूर्ण वेगळी जाळी, प्रत्येक पुडक्याची प्रत दोन्हींवरून, आधी पोचेल ती घ्यायची आणि मागून येणारी फेकून द्यायची. सावरायला वेळ शून्य. खर्च अर्थात दुप्पट.

रिंगची दुसरी खोड जास्त कावेबाज आहे. पहिली वायर तुटते तेव्हा काहीच होत नाही. लाईन चालू, सगळे खूश. रिंग आता साधी रांग झाली आहे हे कुणालाच कळत नाही. चार महिन्यांनी दुसरी वायर तुटते आणि मग सगळे विचारतात, रिंग होती ना? औद्योगिक स्विचच्या डोक्यावर 24 व्होल्टच्या दोन स्वतंत्र पुरवठ्यांच्या स्क्रूंशेजारी आणखी दोन स्क्रू असतात, फॉल्ट रिलेचे. रिंग तुटली किंवा एक पुरवठा गेला की हा संपर्क बदलतो. तिथून दोन वायरी पीएलसीच्या एका इनपुटला नेल्या आणि पडद्यावर एक पिवळी ओळ आणली की झालं. मी पाहिलेल्या पॅनेलांत हे दोन स्क्रू बहुधा रिकामे असतात, नव्यासारखे चकचकीत.

वर्तुळ नसतानाही दवंडी जीव घेऊ शकते. अमेरिकेत अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी हे अणुवीज केंद्र आहे. 19 ऑगस्ट 2006 रोजी तिथल्या तिसऱ्या अणुभट्टीचे पाणी फिरवणारे दोन्ही पंप बंद पडले आणि चालकांना भट्टी हाताने विझवावी लागली. पंपांचा वेग राखणाऱ्या ड्राइव्हचे कंट्रोलर प्रतिसाद देईनासे झाले होते, आणि त्याच वेळी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा कंट्रोलरही कोलमडला होता. हल्ला वगैरे काही नव्हता. सगळे एकाच जाळ्यावर होते आणि त्या जाळ्यावरची वर्दळ या कंट्रोलरांना पेलली नाही. नंतर त्यांच्यासमोर फायरवॉल बसवून नेमकं कोण आणि किती बोलणार हे बांधून दिलं. चाकणचं पॅकिंग आणि अलाबामाची भट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण ड्राइव्ह दमला तो एकाच कारणाने: त्याच्याशी संबंध नसलेलं बोलणं त्याला ऐकावं लागत होतं.

म्हणून रचनेतला पहिला प्रश्न असा असावा की कुणाची दवंडी कुठवर जावी. वेग, पोर्ट, किंमत हे सगळं त्यानंतर. एकाच स्विचच्या पोटात व्हीलॅन करून भिंती घालता येतात. प्रत्येक फ्रेमवर 12 बिटांचा एक शिक्का बसतो, त्यातून 4094 वेगळे वाडे करता येतात, आणि एका वाड्यातली दवंडी दुसऱ्यात ऐकू येत नाही. मशीन एका वाड्यात, कॅमेरे दुसऱ्यात, कचेरी तिसऱ्यात. हे लिहिताना फार सरळ वाटतं. प्रत्यक्षात सुरक्षा विभागाला गेटवरचा कॅमेरा जोडायचा असतो, जवळच्या पॅनेलमध्ये एक पोर्ट रिकामा दिसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या वायरीतून चोवीस तास व्हिडिओ वाहू लागतो. रिकामा पोर्ट म्हणजे कारखान्यातली रिकामी खुर्ची, कुणीतरी बसणारच.

दवंडीचा एक मधला प्रकार आहे, मल्टिकास्ट: सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांनी नाव नोंदवलं त्या सर्वांसाठी. ईथरनेट/आयपी वापरणाऱ्या लाईनवर पीएलसी आणि उपकरणं बरेचदा असं बोलतात. स्विचला नोंदणी ऐकायला शिकवलं नाही तर तो यालाही ब्रॉडकास्टच समजतो. शिकवलं, पण नोंदणी ताजी आहे का हे ठरावीक वेळाने विचारणारा कुणी नेमला नाही, तर आणखी मजा. नोंदी 260 सेकंदांनी शिळ्या होतात. कमिशनिंगचा इंजिनिअर लाईन सुरू करतो, चार मिनिटं सगळं सुरळीत, तो चहाला जातो आणि मागे लाईन पडते. परत येऊन रीस्टार्ट केली की पुन्हा चार मिनिटं. चहाचे किती कप झाले यावरून बिघाड ओळखता येतो.

महत्त्वाच्या पुडक्यांना आधी सोडा असंही स्विचला सांगता येतं, आठ पायऱ्यांपर्यंत. त्याने बरंच साधतं, पण मर्यादा लक्षात ठेवावी. कर्जतहून घाट चढायला मालगाडी निघालेली असेल तर मागून आलेल्या इंद्रायणी एक्स्प्रेसला कितीही मान असला तरी ती गाडी पुढे सरेपर्यंत थांबावंच लागतं. 1518 बाइटची फ्रेम 100 एमबीपीएसवर पूर्ण जायला सुमारे 120 मायक्रोसेकंद घेते. असे वीस स्विच एकापाठोपाठ असतील आणि प्रत्येक ठिकाणी एक मालगाडी आडवी आली, तर 2.4 मिलिसेकंद तिथेच गेले. दर 2 मिलिसेकंदांनी बोलणाऱ्या यंत्राला ही मालगाड्यांची रांग परवडत नाही. म्हणून लांब रांगेपेक्षा मधोमध एक चांगला स्विच आणि त्यातून फुटणाऱ्या फांद्या मला बऱ्या वाटतात, केबल जास्त लागली तरी.

कारखान्यांच्या जाळ्याला मजले असतात, ही मांडणी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून 1990 च्या दशकात आली. तळाला सेन्सर आणि व्हॉल्व्ह, वर पीएलसी, त्यावर ऑपरेटरचे पडदे, मग उत्पादनाचं नियोजन, सर्वांत वर कचेरी. वरच्या मजल्यावरून तळाशी थेट जिना नसावा. मध्ये एक ओसरी असावी, जिथे दोन्हीकडचे येऊन माहिती ठेवतील आणि जातील. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुकेंद्रात जानेवारी 2003 मध्ये स्लॅमर नावाचा किडा शिरला तो पुढच्या दारातून नव्हे. तिथे फायरवॉल होतीच. तो आला एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, जी फायरवॉलला वळसा घालून आत गेली होती. सुरक्षेची माहिती दाखवणारा पडदा जवळजवळ पाच तास बंद राहिला. नशिबाने भट्टी आधीपासूनच बंद होती. आपल्याकडे हे कंत्राटदाराचं दार बहुतेक वेळा दिसतं पॅनेलमध्ये चिकटवलेल्या सिमकार्डच्या छोट्या राउटरच्या रूपात. मशीनवाल्याने दुरून सर्व्हिस देता यावी म्हणून बसवलेलं असतं आणि वॉरंटी संपल्यावरही लुकलुकत राहतं.

चाकणला सात-आठ महिन्यांनी पुन्हा गेलो. पॅनेलमध्ये मॅनेज्ड स्विच आला होता, बंद केलेल्या पोर्टांत लाल प्लास्टिकची बुचं होती. फॉल्ट रिलेच्या दोन स्क्रूंना वायरी होत्या. त्या मी आधी पाहिल्या. काका भेटले. दाराच्या आतल्या बाजूला एका हुकाला ती जुनी केबल गुंडाळून अडकवली होती आणि तिच्यावर त्यांच्या अक्षरात चिकटपट्टी: "स्पेअर. विचारल्याशिवाय लावू नये." खाली स्वतःचा मोबाईल नंबर.